भंगार येतं तरी कुठून?

काळाचौकीकर
रविवार, सकाळी १०:४२

बाबांना जाऊन वर्ष झालं, म्हणून गेल्या रविवारी त्यांची खोली आवरायला घेतली. माळ्यावरून काय काय निघालं! पितळी टाकीचा स्टो, दोन बंद टेबलफॅन, बिडाची इस्त्री, कडी तुटलेलं पातेलं, १९९० पासूनच्या दिवाळी अंकांचे चार गठ्ठे (अंक ठेवलेत, बायको अजून रागावलेली आहे). चाळीत नेहमी येणारा भंगारवाला आहे, त्याला वर बोलावलं.

तो काम कसं करतो ते मी पहिल्यांदाच नीट बघत बसलो. खिशातून दोरीला बांधलेलं लोहचुंबक काढलं, जुन्या स्पीकरचं असावं. पातेल्याला चिकटलं नाही, ते बाजूला ठेवलं. आम्ही इतकी वर्षं स्टीलचा म्हणून मिरवलेला डबा मात्र टक्कन चिकटला, तो गेला लोखंडाच्या ढिगात. स्टोचे तीन पाय आणि वरची जाळी त्याने दोन मिनिटांत सोडवली आणि टाकी तेवढी काट्याला लावली. म्हटलं, घे की अख्खा. तर म्हणे, "साहब, लोहा पीतल के भाव में कौन लेगा?"

मग चहा पिता पिता मी सहज म्हटलं, तुमचं बरं चालत असेल, एवढ्या चाळी, एवढे टॉवर. तो हसला. "घर का माल तो चाय-पानी है. गोदाम उस पे नहीं चलता."

तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. घरातून नाही तर हे सगळं येतं कुठून? कुर्ल्याला, साकीनाक्याला, धारावीत जे डोंगर दिसतात ते कुणाच्या घरचे? जाणकारांनी लिहावं.

भरतीओहोटी
रविवार, सकाळी ११:२०

पहिलं उत्तर माझ्या लहानपणाच्या पत्त्यावरून देतो. समुद्रातून!

रे रोड स्टेशनच्या पूर्वेला दारूखाना. नाव ऐकून नवखे लोक डोळे मिचकावतात, पण ही दारू तोफेची, बाटलीतली नव्हे. तिथे जहाजं तोडायचे. १९८३ पासून गुजरातेत अलंग सुरू झालं आणि मोठी जहाजं तिकडे गेली, पण आपली आयएनएस विक्रांत, १९७१ च्या युद्धातली, ती २०१४ मध्ये दारूखान्यातच तुटली. बजाजने तिचा धातू घेऊन २०१६ मध्ये मोटरसायकल काढली होती. आमच्या मामाने घेतली आहे. पेट्रोलच्या टाकीवर थाप मारून "नौदल" म्हणतो.

एक गोष्ट लोकांना माहीत नसते. जहाजाचा पत्रा सगळाच वितळवत नाहीत. गॅस कटरने जाड पत्र्याच्या पट्ट्या काढतात, भट्टीत लाल करतात आणि रोलिंग मिलमध्ये दाबून सरळ सळई ओढतात. वितळवण्याचा खर्चच वाचतो.

मीठभाकर
रविवार, दुपारी १२:०५

वाचतेय. मला बोहारीण आठवली. आई दोन साड्या आणि बाबांची पँट देऊन एक गंज (पातेलं) घ्यायची आणि त्या गंजासाठी अर्धा तास हुज्जत. "ताई, जरीची एक तरी टाका ना." ते कपडे पुढे कुठे जात असतील असा प्रश्न कधी पडलाच नाही.

टिळकब्रिज
रविवार, दुपारी १२:३१

@मीठभाकर, धड असलेले शिवून, इस्त्री करून जुन्या कपड्यांच्या बाजारात. विरलेलं सुती गॅरेजमध्ये हात पुसायला आणि मशीनचं ग्रीस टिपायला. छापखान्यात आम्ही किलोवर घ्यायचो. एकदा शाई पुसता पुसता लक्षात आलं की हातातल्या चिंधीवर कुणाचं तरी नाव भरतकामात काढलंय. बाजूला ठेवली, दुसरी घेतली. का ते सांगता येणार नाही.

आता मूळ प्रश्नाकडे. माझा लोअर परळला छोटा प्रेस होता. सर्वात चांगली रद्दी कुठली, माहीत आहे? न वाचलेली. कागद कापताना कडेच्या ज्या पांढऱ्या पट्ट्या निघतात त्याला कटिंग म्हणतात. शाई नाही, पिन नाही, तेलकट हात नाही. रद्दीवाला महिन्याचं ठरवूनच ठेवायचा, आमच्याकडून एक दिवस उशीर झाला तर फोन. तुमच्या घरच्या वर्तमानपत्राला तो एवढा विचारतो का बघा.

सगळ्या धंद्यांत हेच. डबे दाबणाऱ्याकडे गोल चकत्या कापून उरलेला जाळीसारखा पत्रा, लेथवाल्याकडे पितळेचा चुरा, खोक्यांच्या कारखान्यात पुठ्ठ्याच्या कडा. तुमचा भंगारवाला खरं बोलला. गोदाम चालतं ते वस्तू घरात पोचण्याआधी जे उरतं त्याच्यावर. एका जागी, एका जातीचा, कोरडा, आणि रोज ठरलेला माल. तुमच्या माळ्यासारखी वीस वर्षं वाट बघायला नको.

काळाचौकीकर
रविवार, दुपारी १:१५

हे डोक्यात आलंच नव्हतं. म्हणजे भंगार हे वस्तूच्या म्हातारपणी होतं असं मी समजत होतो, बरंचसं बाळंतपणातच होतं!

साचेखाते
रविवार, दुपारी ३:४८

टिळकब्रिज लोअर परळ म्हणाले म्हणून लिहितो. एरवी मी फक्त वाचतो.

वडील कापड गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. १८ जानेवारी १९८२ ला संप झाला तेव्हा मी सहावीत. पुढे गिरणी अर्धवट चालली, मग बंदच. देणी अडकली होती म्हणून वडील अधूनमधून गेटवर जायचे, कधी मला न्यायचे. अशाच एका फेरीत साचे बाहेर काढताना बघितले. काही ठिकाणचे साचे भिवंडीला यंत्रमागासाठी गेले असं म्हणायचे, आमच्या खात्यातले मात्र तोडायलाच काढले होते.

बीड, म्हणजे ओतीव लोखंड, कापत नाहीत, फोडतात. ते ठिसूळ असतं. दोन माणसं घण घेऊन उभी, साच्याची बाजूची चौकट आडवी टाकलेली, आणि एक-एक घाव. लोखंडाचा खणखणाट वेगळा आणि बीड तुटतानाचा आवाज वेगळा, हंडा दगडावर आपटावा तसा कोरडा. भट्टीत मावतील एवढे तुकडे. वडील मोजत होते. कितवा साचा ते त्यांना जागेवरून कळत होतं. "हा तुकारामचा. हा बदलीवाल्याचा. हा माझा बाजूचा."

मग मुकादमाकडे जाऊन त्यांनी एक धोटा मागितला, मागावर आडवा धागा नेतो तो. लाकडी होता, टोकाला धातू. तो म्हणाला, हे काय वजनात जात नाही, घ्या. बाकीचे धोटे बाया बंबात जाळायला घेऊन गेल्या.

तर धागाकर्ते, एके काळी मुंबईचं भंगार इथून आलं. एक शहर अख्खं काट्यावर चढलं होतं. धोटा आमच्याकडे आहे अजून, टीव्हीवर.

मीठभाकर
रविवार, दुपारी ४:०२

__/\__

शेवा_गेट
रविवार, संध्याकाळी ६:३७

मी कस्टम क्लिअरिंगमध्ये आहे, न्हावाशेवा बंदरात. आमच्या बाजूचं सांगतो, कारण भंगाराचा मोठा हिस्सा कंटेनरमधून येतो हे अजून कुणी लिहिलं नाही.

कागद घ्या. अमेरिकेतले जुने पुठ्ठ्याचे खोके गाठोडी बांधून येतात आणि वापी, मोरबीच्या कागद गिरण्यांत जातात. आपल्याकडे पुठ्ठा नाही का? आहे. पण कागदाचा तंतू प्रत्येक फेरीत आखूड होत जातो, पाच-सात वेळा वापरला की भुगा उरतो. आपला पुठ्ठा आधीच बऱ्याच फेऱ्या झालेला. तिकडच्या खोक्यात ताज्या लाकडाचा लांब तंतू असतो, तो मिसळल्याशिवाय नव्या खोक्याला जोर येत नाही. शिवाय जहाजाचं गणित आहे. आशियातून अमेरिकेला मालाने भरलेले कंटेनर जातात, परत येताना भरायला माल कमी. रिकामा डबा आणण्यापेक्षा रद्दी भरून आणलेली परवडते, म्हणून भाडं स्वस्त.

धातूंची तर मजाच आहे. पितळेच्या भंगाराचं कागदोपत्री नाव 'हनी'. तांब्याच्या तारेचं 'बेरी', जाड तांब्याचं 'कँडी', गाड्या चिरडून निघालेल्या ॲल्युमिनियमच्या मिश्रणाचं 'झोर्बा'. अमेरिकेतल्या भंगार व्यापाऱ्यांच्या संघटनेने ठरवलेली नावं. तार पाठवायच्या जमान्यात शब्दागणिक पैसे पडायचे, म्हणून लांबलचक वर्णनाऐवजी एकच शब्द. नोकरीला लागलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात साहेबांनी विचारलं, "हनीचा कंटेनर सुटला का?" मी मधाच्या खात्यात शोधत होतो. हनी जातं जामनगरला. तुमच्या घरातले नळ, कोयंडे, स्विचमधली पितळी पिन, बरंचसं तिथलं. काळाचौकीकर, तुमच्या स्टोची टाकीही त्याच रस्त्याला लागली असेल तर नवल नाही.

कागदपत्रं मात्र कडक. २००४ मध्ये गाझियाबादजवळच्या एका पोलाद कारखान्यात आयात भंगारातून आलेल्या जिवंत दारूगोळ्याचा स्फोट होऊन माणसं गेली, तेव्हापासून माल चढवण्याआधी तपासणीचा दाखला लागतो. किरणोत्सर्गही तपासतात. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरीत कोबाल्ट-६० भंगारात निघालं होतं ते आठवत असेल. ते मात्र आयात नव्हतं, इथल्याच एका प्रयोगशाळेचं जुनं यंत्र लिलावात गेलं होतं.

काटकोन
रविवार, रात्री ८:१०

म्हणजे आपण डॉलर मोजून अमेरिकेची रद्दी आणतो आणि आपली देवनारच्या कचराभूमीवर नेऊन ओततो? वा! भंगार कुठून येतं यापेक्षा अक्कल कुठून येत नाही यावर धागा काढा.

शेवा_गेट
रविवार, रात्री ८:२५

हलके घेतोय :) प्लास्टिकच्या कचऱ्याची आयात २०१९ मध्ये बंद केली आपण. त्याआधी २०१८ मध्ये चीनने दार लावलं होतं आणि तिकडे जाणारा माल इकडे वळायला लागला होता. कागद आणि धातू मात्र येतात.

पहाटपाळी
रविवार, रात्री ९:५४

@काटकोन, अकलेचा नाही, ओल्याचा प्रश्न आहे. मी चेंबूर-गोवंडी भागात काही वर्षं कचरा वेचणाऱ्या बायकांच्या बचतगटांबरोबर काम केलं, म्हणून अधिकाराने लिहिते.

मुंबईत रोज सहा-साडेसहा हजार टन कचरा निघतो. त्यातला पुठ्ठा डाळभाताबरोबर एका पिशवीत गेला की तो पुठ्ठा राहत नाही. त्या खोक्याचं काय होतं हे तुमच्या ओट्याखालच्या डब्यात ठरतं, देवनारला नाही. देवनार १९२७ पासून चालू आहे, तिथे पोचतं ते बहुतेक सगळ्यांनी नाकारलेलं असतं. २०१६ च्या जानेवारीत ते पेटलं तेव्हा कितीतरी दिवस धूर होता, आमच्या बायका तोंडाला ओला पदर बांधून जात होत्या.

आणि नाकारणारे किती जण असतात ते बघा. पहिली चाळणी घरकाम करणारी बाई, तेलाचे डबे आणि काचेच्या बरण्या ती नेते. दुसरा सोसायटीचा वॉचमन किंवा झाडूवाला, खोकी आणि वर्तमानपत्रं त्याची. तिसरी चाळणी कचऱ्याच्या गाडीवरची माणसं, गाडीच्या मागे लटकलेली गोणी बघितली असेल. एवढ्यांनी चाळल्यावर जे उरतं ते वेचणारीच्या वाट्याला. म्हणून ती पहाटे चारला निघते, गाडीच्या आधी कुंडीपाशी पोचायला.

त्यांची भाषा पण शिकण्यासारखी. पाण्याची बाटली कुठल्याही कंपनीची असो, ती 'बिसलेरी'. शाम्पूची, फिनेलची जाड बाटली म्हणजे 'फुगा', कारण ती साच्यात फुगवून करतात. वाकवली की तडकतं ते 'कडक'. वासाने, आवाजाने ओळखतात. आमच्या गटातली एक मावशी दोन झाकणं जमिनीवर आपटून सांगायची, हे वेगळं, ते वेगळं. मला दोन्ही आवाज सारखेच वाटायचे. चिप्सची पाकिटं कुणीच उचलत नाही. प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटलेले, सुटत नाहीत, विकत नाहीत.

या बायका कुठून आल्या हेही धाग्याच्या विषयातच येतं. बऱ्याच जणी १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून आलेल्यांच्या घरातल्या. जालना, बीड, उस्मानाबाद. बहुतेक दलित. जमीन नव्हती, शहरात दुसरं काम कुणी दिलं नाही. स्त्री मुक्ती संघटनेने १९९८ मध्ये परिसर विकास सुरू केलं त्यातून काहींना ओळखपत्रं मिळाली, सोसायट्यांत वर्गीकरणाचं काम मिळालं. त्यातला फरक एका बाईने मला असा सांगितला: "पहिलं कुत्रं मागं लागायचं, आता वॉचमन सलाम करतो. पण कुत्रं बरं होतं, ते खोकी पळवत नव्हतं."

काटकोन
रविवार, रात्री १०:३०

माझा प्रतिसाद मागे. उद्यापासून घरात दोन डबे. (बायको म्हणते दोन वर्षांपासून आहेत, तुझ्याच लक्षात नाही.)

उभाआडवा
सोमवार, सकाळी ९:१२

बीड जिल्ह्याचं नाव आणि साच्याचं बीड एकाच धाग्यात आलं, गंमत आहे.

अवांतर नाही, एक भर. आमच्या दादरच्या इमारतीचा पुनर्विकास झाला तेव्हा मला वाटलं बिल्डर पाडायचे पैसे देतो. उलट! पाडणारा बिल्डरला पैसे देतो. आधी सागवानी दरवाजे, चौकटी, जिन्याचा कठडा निघाला, तो गेला जोगेश्वरीला ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजारात. मग वायरी. मग खिडक्यांचे गज, पाइप, टाकी. भिंती सर्वात शेवटी, आणि स्लॅब फोडून सळ्या ओढल्या. आमच्या स्वयंपाकघराच्या स्लॅबची सळई भर रस्त्यात हातोड्याने सरळ करत बसलेला पोरगा मी बघितला, तीस वर्षं त्या स्लॅबखाली पोळ्या लाटल्या होत्या आम्ही.

पहाटपाळी ताई जालन्याचं म्हणाल्या. लोखंडाचं भंगार जालन्यालाही जातं. तिथे भट्ट्या आणि रोलिंग मिल आहेत, सळई बनून परत मुंबईला येतं. म्हणजे माणसं जालन्याहून इथे भंगार गोळा करायला आणि भंगार इथून जालन्याला.

भरतीओहोटी
सोमवार, सकाळी ९:४०

वरचं शेवटचं वाक्य वाचून थांबलो.

रच्याकने, सरकारी भंगाराचं कुणी लिहा. रेल्वेचे रूळ, बेस्टच्या बसगाड्या. शाळेत असताना आम्ही बसचा नंबर पाठ करायचो आणि एक दिवस तीच बस लिलावाच्या आवारात टायरविना दिसली होती.

रूळजोड
सोमवार, दुपारी २:२०

रेल्वेच्या स्टोअर्स खात्यातून निवृत्त. थोडक्यात लिहितो, सविस्तर लिहिलं तर तुम्ही झोपाल. पूर्वी डेपोत बोली लागायची, बोलीवाले छत्र्या घेऊन ढिगाभोवती फिरायचे, आता सगळं ऑनलाइन. सरकारी भंगाराच्या लिलावाची एमएसटीसी ही कंपनी १९६४ ची. रूळ, चाकं, ब्रेकचे ठोकळे, प्रत्येकाचा ढीग वेगळा. ढीग वेगळा ठेवला की भाव, एकत्र केला की माती. भंगारात हाच एक धडा मी चौतीस वर्षं शिकलो आणि घरी बायकोने तो पहिल्या दिवसापासून पाळला.

चोरी? होती. लिहिणार नाही.

टिळकब्रिज
सोमवार, दुपारी ३:०५

@रूळजोड काका, नेमक्या त्याच ओळीवर अख्खा भाग लिहाल का?

रूळजोड
सोमवार, दुपारी ३:११

पेन्शन चालू आहे अजून.

मीठभाकर
सोमवार, संध्याकाळी ७:४४

खिक्क!

एक आठवण. २०२० च्या टाळेबंदीत मुंबईत वर्तमानपत्रं घरी येणं बंद झालं होतं. आमच्या रद्दीवाल्याचा फोन आला होता, आहे का काही जुनं? आम्हीच त्याला विचारत होतो, पेपर कधी येणार. दोघांचा धंदा एकच होता हे तेव्हा कळलं, त्याचा आणि संपादकाचा.

काळाचौकीकर
रविवार, दुपारी १२:२६

आठवडाभर वाचत होतो, आज भंगारवाल्याबरोबर गोदामात जाऊन आलो. हातगाडीच्या मागे मागे चालत. लोकांनी ओळखू नये म्हणून टोपी घातली, तरी जिन्यावरच्या जोशीकाकूंनी विचारलंच.

गोदाम म्हणजे दहा बाय वीसची पत्र्याची शेड. दारात तराजू, आत डाव्या हाताला पुठ्ठा छतापर्यंत. पितळ मागच्या कोपऱ्यात, कुलपात. मालक म्हणाला, दिवसभरात पाच-सहा फेरीवाले येतात, पण टेम्पो भरतो तो इमिटेशन ज्वेलरीवाल्यांच्या, खोकीवाल्यांच्या आणि दोन मोठ्या दुकानांच्या मालाने. टिळकब्रिज, शंभर टक्के बरोबर. पितळेच्या कोपऱ्यात स्टोच्या टाक्या चपट्या करून रचलेल्या होत्या, वीसेक तरी. आमची त्यातली कुठली ते ओळखता आलं नाही. साचेखाते, तुमच्या वडिलांचं आठवलं.

स्टोची पिन मात्र भंगारवाल्याने त्याच दिवशी परत दिली होती. वजनात येत नाही म्हणून. खिडकीत ठेवली आहे.

काटकोन
रविवार, दुपारी १२:५०

छान. पण त्या दोन टेबलफॅनचे काय धरले?

काळाचौकीकर
रविवार, दुपारी १२:५३

लोखंडाच्या भावात. त्याने सांगितलं आजकाल मोटरीत ॲल्युमिनियमची वाइंडिंग असते.

रूळजोड
रविवार, दुपारी १:०१

आजकाल! अहो, तुमच्या वडिलांच्या काळातले फॅन ना? अख्खं तांबं असतं त्यात. फसलात.

काळाचौकीकर
रविवार, दुपारी १:०४

आता काय, पोचले असतील कुर्ल्याला.

शेवा_गेट
रविवार, दुपारी १:३०

तांब्याला लांबचा प्रवास आवडतो. बेरी म्हणून परत आलं तर कळवतो.